हंड्यातले बदक

शनिवार, १ फेब्रुवारी १९८६

आज दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी आमच्या दूध उत्पादक सहकारी संस्थेच्या कार्यालयात दूरदर्शन संच दाखल झाला. तो अडीच वाजता यावयाचा होता. पुढे कोणी या संस्थेचा इतिहास लिहावयास घेतलाच, तर त्याला निदान एक तरी विश्वसनीय साधन उपलब्ध असावे, या हेतूने ही दैनंदिनी आजपासून आरंभीत आहे.

धाराशिवच्या महाविद्यालयात एकतीस वर्षे तर्कशास्त्र शिकवून मी गेल्या वर्षी निवृत्त झालो आणि सौ. सत्यभामेसह गावी परतलो. गावातील दोन गटांचे कोणत्याही नावावर एकमत होईना, तेव्हा त्यांनी मला संस्थेचे अध्यक्ष केले. “दोन्ही पार्ट्यांना सारखाच नकोसा असलेला गावात एकच मानूस घावला सर,” असे आमचा सचिव बब्रुवान सर्वांसमक्ष म्हणाला. त्याला ‘सारखाच मान्य’ असे म्हणावयाचे असावे. त्याची शब्दनिवड नेहमीच सदोष असते.

संस्थेची स्थिती गंभीर आहे. दुष्काळाचे हे दुसरे वर्ष. जनावरांना कडबा मिळेना, त्यामुळे दूध मुळातच थोडे. जे आहे तेही लोक आबारावांच्या खव्याच्या भट्टीवर नेऊन घालतात. तेथे लॅक्टोमीटर बुडवून दुधातले पाणी पकडणारा कोणी नाही. मी पकडतो. जिल्हा संघाने कळविले आहे की दररोज किमान दीडशे लिटर दूध जमले नाही, तर त्यांचा टँकर आमच्या गावी येणे बंद होईल. टँकर बंद म्हणजे संस्था बंद. आज एकशे एकतीस लिटर जमले.

दूरदर्शनवरील शेतीविषयक कार्यक्रमांच्या ओढीने सभासद संस्थेकडे वळतील, असा माझा सिद्धान्त आहे. त्यासाठी नियम केला आहे : ज्याचे दूध त्या दिवशी संस्थेने स्वीकारले, त्यानेच आत बसावे.

रात्रीच्या आमटीत मीठ किंचित अधिक होते. सौ.ला सांगितले. उद्यापासून मीठ मी स्वतः तराजूत तोलून देणार आहे. ती नुसती हसली. कारण कळले नाही.

रविवार, २ फेब्रुवारी

शेतीविषयक कार्यक्रमास सायंकाळी तीन माणसे होती. त्यांपैकी एक झोपलेले होते.

सकाळी नऊ वाजता मात्र एक व्यंगचित्रपट लागला आणि कार्यालयात उभे राहावयास जागा उरली नाही. कथानक असे : राजवाड्याच्या मुदपाकखान्यात एक उंच, ताठ, पांढऱ्या टोपीचा आचारी आहे. राजाच्या भोजनासाठी त्याला एक पक्षी पकडावयाचा आहे. तो पक्षी त्याला पकडता येत नाही. समाप्त. वीस मिनिटे. सदर पक्षी हंसकुळातील असून बदक नव्हे, हे मी त्याच्या मानेच्या लांबीवरून उपस्थितांस सिद्ध करून दाखविले. सर्वांनी माना डोलावल्या आणि त्यानंतर सर्वांनी त्याला बदक म्हटले.

आमच्याकडे श्रावणात पारावर पोथी लागते, तेव्हा एक जण वाचतो आणि दुसरा अर्थ सांगतो. अर्थ सांगणारा नसेल तर ऐकलेली पोथी लागू पडत नाही, अशी येथील दृढ समजूत आहे. चित्रपट संपताच सगळे माझ्याकडे वळले.

“सर, आता अर्थ सांगा,” बब्रुवान म्हणाला.

“कशाचा?”

“ह्येचाच की. टोपी पडल्यावर त्यो आचारी काय म्हनला?”

“काहीही म्हणाला नाही. ती कोणतीही भाषा नव्हती. नुसते ध्वनी होते.”

मग पाठीमागून धुरपदाबाईंचा आवाज आला. या बाईंचे यजमान हयातभर पारावर अर्थ सांगत असत. ते वारल्यावर बाईंनी ते काम कोणालाही न विचारता स्वतःकडे घेतले. अक्षरओळख नाही. म्हैस एक.

“एकतीस वर्सं शिकवलं म्हनं धाराशिवात,” त्या म्हणाल्या. “आन् एका बदकाचा अर्थ लागंना व्हय?”

मग त्या उठल्या आणि पदर सावरून सांगू लागल्या. “ऐका. आचारी म्हनला, ‘अगं, म्या एवढा मापात मीठ घालनारा मानूस, आन् तुला माझी कदर न्हाय?’ तवा बदक म्हनलं, ‘तुजं मीठ तुज्यापाशी ठिव. म्या आपली बिनमिठाची बरी हाय.’”

मोठा हशा पिकला. सदर अर्थ दृश्यातील कोणत्याही प्रमाणाने सिद्ध होत नाही, हे मी नमूद करू इच्छितो. आचाऱ्याने मीठ तोलले होते, एवढेच खरे.

रविवार, ९ फेब्रुवारी

आठवडाभर परिश्रम करून ‘भक्ष्य आणि भक्षक : एक तार्किक विवेचन’ या शीर्षकाचे टिपण तयार केले व व्यंगचित्रपटाचा दुसरा भाग चालू असताना ते संचाशेजारी उभे राहून सादर केले. लोकांनी अपूर्व एकाग्रता दाखविली. एकदा पडद्याकडे पाहत, एकदा माझ्याकडे, पुन्हा पडद्याकडे. माझ्या विद्यार्थ्यांनी असे लक्ष कधी दिल्याचे स्मरत नाही.

मी खाली बसू लागलो तर बब्रुवान म्हणाला, “बसू नका सर. उभंच ऱ्हावा. हात मागं बांधून.”

“का?”

“बरं दिसतं.”

त्यानंतर धुरपदाबाईंनी आपला अर्थ सांगितला. त्यांना टाळ्या मिळाल्या. मला मिळाल्या नाहीत, पण गंभीर विवेचनाला टाळ्या अपेक्षितच नसतात.

आज एकशे अठ्ठावन्न लिटर. टिपणाचा परिणाम स्पष्ट आहे.

रविवार, २३ फेब्रुवारी

चौथा भाग. लोक याला ‘चौथा अध्याय’ म्हणतात. मी विरोध करणे सोडले आहे. अध्याय ऐकल्यावर म्हशी पान्हा चांगला सोडतात, असाही समज पसरला आहे. दूध एकशे सत्तर झाले असल्याने या विषयावर मी तूर्त मत दिलेले नाही.

त्या आचाऱ्याविषयी मात्र मला काही लिहावयाचे आहे. आज त्याने पक्ष्यामागे धाव घेण्यापूर्वी भिंतीवरच्या आठही पळ्या एका रेषेत लावल्या. त्यांतली सहावी वाकडी होती. तिच्यापाशी तो परत आला, आणि तेवढ्यात पक्षी निसटला. सारी सभा हसली. मला हसू आले नाही. सहावी पळी वाकडी सोडून कोणता सुबुद्ध मनुष्य पुढे जाईल? एवढ्या नेटक्या, कष्टाळू माणसाला दर आठवड्याला एका अशिक्षित पाखराकडून हार पत्करावी लागते, यात हसण्यासारखे काय आहे?

घरी येताना सौ. म्हणाली, “डोळे पुसताय का?”

मी म्हणालो, “फुफाटा आहे.”

जेवणापूर्वी फडताळातले पेले सरळ केले. ती दारात उभी राहून पाहत होती, आणि पुन्हा ते हसू.

रविवार, २ मार्च

आज आबाराव आले. खव्याच्या भट्टीचे मालक, संस्थेचे उघड वैरी, डोईला फेटा आणि हातात एक तांब्याभर दूध.

“सभासदाचं दूध घ्या सर,” ते म्हणाले, “आन् बसू द्या.”

मी चष्मा सावरला (डावी काडी दोऱ्याने बांधली आहे) आणि लॅक्टोमीटर बुडविला. तांब्यात तो पुरता बुडेना, म्हणून ते दूध उंच भांड्यात ओतून पाहिले. अठ्ठावीसच्या ठिकाणी एकवीस.

“आबाराव, यात पाणी आहे.”

“घोटभर आसंल. तांब्या विसळला व्हता.”

“हे दूध स्वीकारता येणार नाही.”

“अहो सर, गावात प्यायला पानी न्हाय. म्या दुधात पानी घालतो म्हंजी उलट दानधर्मच झाला की!”

सगळे हसले. मी नियमाला धरून राहिलो. आबाराव पाचवा अध्याय संपेपर्यंत खिडकीबाहेर उन्हात, हातात तांब्या घेऊन उभे होते. बदक चिमणीतून निसटले तेव्हा त्यांचा फेटा खिडकीतून दिसेनासा झाला. ते हसून खाली बसले होते.

(वर ‘बदक’ असे लिहिले गेले आहे. ‘हंस’ वाचावे.)

रविवार, ९ मार्च

आबाराव एक भरलेला कॅन घेऊन आले. लॅक्टोमीटर तीसवर. पहिल्या ओळीत बसले. एकशे ब्याण्णव लिटर.

रविवार, १३ एप्रिल

अकरावा अध्याय. घडले ते घाईघाईने लिहून ठेवतो.

आचाऱ्याने बदक पकडले.

त्याने ते एका मोठ्या हंड्यात घातले, वर झाकण ठेवले, झाकणावर दगड ठेवला, तो दगड मधोमध आहे की नाही ते दोन्ही बाजूंनी पाहिले, आणि चुलीकडे वळला. येथे भाग संपला. खाली इंग्रजीत लिहिले होते की उर्वरित पुढील आठवड्यात. मी ते वाचून सांगितले.

कोणी उठेना. “म्हंजी आठ दिवस बदक आतच?” आबारावांनी विचारले.

मला या प्रसंगी समाधान वाटले, हे मी या वहीपाशी कबूल करतो. अकरा आठवड्यांचे परिश्रम फळास आले. घरी परतल्यावर मी दोन भाकरी अधिक खाल्ल्या. सौ. जेवली नाही.

रविवार, २० एप्रिल

नऊ वाजता ‘गुलाबाच्या कलमांची निगा’ हा माहितीपट लागला.

प्रथम वाटले, काही चूक असेल. वीस मिनिटे गुलाबांना झारीने पाणी घालणे चालले होते. गावात पाण्याचा टँकर सहा दिवसांत आलेला नाही. लोक तरीही बसून राहिले. कोणत्या तरी झुडपामागून बदक बाहेर येईल, अशी आशा होती. आले नाही. शेवटी निवेदिकेने हसून सांगितले की यापुढे दर रविवारी या वेळी याच मालिकेत निरनिराळ्या फुलझाडांची माहिती मिळेल.

“आन् बदक?” बब्रुवानने पडद्यालाच विचारले.

मंगळवार, २२ एप्रिल

एकशे अठरा लिटर.

आमच्या सभासद मुक्ताबाईंच्या म्हशीने धार काढताना लाथ मारली. केशरबाईंची म्हैस पान्हा चोरते. कारण सर्वांच्या मते एकच : पोथी खंडित झाली. मी सभा घेऊन हा कार्यकारणभाव दोषपूर्ण असल्याचे फळ्यावर आकृती काढून दाखविले. धुरपदाबाई शेवटपर्यंत ऐकून घेऊन उठल्या.

“सर, तुमची आकृती ब्येस हाय. पर अर्धी पोथी ठिवून पारावरनं कुनी उठत न्हाय. तिकडं बदक हंड्यात हाय. वर झाकन हाय. झाकनावर धोंडा हाय. आन् आमी घरी जाऊन भाकर खायाची? घशाखाली उतरंल का?”

“बाई, ते कागदावर काढलेले चित्र आहे. ते हंड्यात नाही. ते कोठेही नाही.”

“मग तुमी का जेवला न्हाई परवाच्याला?”

हे त्यांना कोणी सांगितले ते कळत नाही. रविवारी माझे पोट ठीक नव्हते.

बुधवार, २३ एप्रिल

दूरदर्शनच्या संचालकांस पत्र पाठविले. मसुदा सात वेळा सुधारला. त्यातील एक उतारा येथे नोंदवून ठेवतो :

“महोदय, आपण एका सजीवास (काल्पनिक असला तरी) झाकणबंद स्थितीत सोडून गुलाबांकडे वळलात. कथेचा आरंभ करणाऱ्यावर तिचा शेवट करण्याचे नैतिक उत्तरदायित्व असते. सबब, सदर बदकाचे पुढे काय झाले, हे उलटटपाली कळवावे. जिल्ह्यातील दुग्धव्यवसाय या उत्तरावर अवलंबून आहे.”

शुक्रवार, २ मे

दोन पत्रे आली.

पहिले दूरदर्शनचे, छापील कार्ड : “फुलझाडांवरील आमचा कार्यक्रम आपणांस आवडला, याबद्दल आभार.”

दुसरे संघाचे : दहा दिवसांतील सरासरी एकशे चौदा लिटर. सोमवार दिनांक ५ रोजी दीडशेहून कमी दूध आढळल्यास मंगळवारपासून टँकर येणार नाही.

सायंकाळी सगळे संस्थेत जमले. आबारावही होते. वास्तविक हे दूध त्यांच्याच भट्टीवर परत जात आहे, त्यांना आनंद व्हावयास हवा. पण भट्टी पेटवताना हंडा दिसतो, असे ते म्हणाले आणि मान खाली घालून बसले.

धुरपदाबाई म्हणाल्या, “त्यांनी सोडली, तर आपुन पुरी करायची. पोथी फाटली तर मागलं पान तोंडपाठ म्हनत्यात का न्हाई? बारावा अध्याय हितंच करू. रविवारी, नवाला. अर्थ म्या सांगते.”

“आन् आचारी?” आबारावांनी विचारले.

सर्वांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिले.

मी कारण विचारले. “तुमच्याएवढं बारकाईनं कुनी बघितलं न्हाई सर,” बब्रुवान म्हणाला. हे खरे असल्याने मला नाही म्हणता येईना. निवड एकमताने झाली. या गावात एकमत होण्याची ही दुसरी वेळ.

शनिवार, ३ मे

संहिता लिहून पूर्ण केली. आठ प्रवेश, एकोणचाळीस सूचना. आचारी चूल पेटवितो, मीठ तोलतो, हंड्यात घालतो, बदक शिजते, राजा संतुष्ट होतो. न्याय होतो.

वाचून दाखविली तेव्हा धुरपदाबाई ओरडल्याच. “बदक शिजवता? सर, गावातल्या म्हशी वाळवायच्या हायेत का?”

“बाई, अकरा अध्याय त्याने कष्ट केले आहेत. कष्टाचे फळ मिळाले नाही तर जगात तर्क म्हणून काही उरणारच नाही.”

“तर्क ऱ्हाऊ द्या कडंला. बदक सुटाय पायजे.”

“सुटणार नाही. आचारी मी आहे.”

त्या बाहेर निघून गेल्या. सौ. त्यांच्यामागे गेली. दोघी बराच वेळ निंबाखाली बोलत होत्या. भाजीविषयी असावे.

बदक हा एक प्रश्नच होता. दुष्काळी मुलखात बदक कोठून येणार? गावातल्या एकानेही खरे बदक पाहिलेले नाही. सौ.ने उशीचा पांढरा अभ्रा कापसाने भरला, मान शिवली, चोचीला पिवळी चिंधी लावली. मान मी संहितेत दिलेल्या मापापेक्षा दोन बोटे आखूड झाली आहे. मग ती सहज म्हणाली, “आवाज मी काढते.”

“कोणाचा?”

“बदकाचा. कॅनांच्या मागे बसून.”

आमच्या लग्नाला चौतीस वर्षे झाली. तिने कधी बदकाचा आवाज काढल्याचे मला स्मरत नाही. परंतु नमुना ऐकविल्यावर हरकत घेण्यासारखे काही आढळले नाही. फार हुबेहूब होता. कोठे शिकलीस, असे विचारले, तर म्हणाली, “घरात एकटी असते तेव्हा.”

बब्रुवानची सासुरवाडी तेरखेड्याची. सासरे फटाके करतात. समाप्तीला एक बाँब उडवू या, असे त्याने सुचविले. लेखी मनाई केली आहे.

रविवार, ४ मे

क्रमाने लिहितो.

सकाळी सात वाजता नियमाप्रमाणे दूध स्वीकारण्यास आरंभ केला. रांग वेशीपर्यंत होती. नियम असा की दूध नाही, तर प्रवेश नाही. आबारावांनी आज भट्टी पेटविलीच नाही. तिथले सारे दूध बैलगाडीतून आणले. दोनशे चार लिटर. टँकरचा चालक गुरुलिंग हा नळदुर्गाकडचा मितभाषी मनुष्य. तो आठ वाजता भरलेला टँकर घेऊन निघावयाचा. त्याने इंजिन बंद केले आणि फाटकाशी उकिडवा बसला.

“निघायचे नाही का?” मी विचारले.

“बदक बघून जातो,” तो म्हणाला.

नऊ वाजता कार्यालयाच्या ओट्यावर मी आचारी म्हणून प्रवेश केला. टोपी जाड कागदाची, दीड फूट उंचीची, मी स्वतः खळ लावून केलेली. मी अद्याप काहीही केलेले नसताना लोक हसू लागले. मी फक्त हात पाठीमागे बांधून चाललो होतो. मूळ चित्रपटात या ठिकाणी हशा नाही.

पहिले पाच प्रवेश संहितेप्रमाणे पार पडले. पळ्या लावल्या, सहावी सरळ केली. धुरपदाबाई बाजूला उभ्या राहून अर्थ सांगत होत्या. “आता आचारी म्हनतो, सगळं जागच्या जागी हाय. फकस्त म्याच कुठं हाय ते कळंना.” सूचनेत असे काही नव्हते.

सहाव्या प्रवेशात चूल पेटविण्याचा अभिनय केला, झाकणावरचा दगड उतरविला, झाकण उचलले. आत अभ्र्याचे बदक. ते माझ्याकडे पाहत होते. डोळ्यांसाठी सौ.ने माझ्याच जुन्या सदऱ्याच्या गुंड्या लावल्या होत्या, हे तेव्हा ध्यानात आले.

मी तराजू घेतला. मीठ तोलले. पारडे समतोल झाले. मीठ हंड्यात टाकण्यासाठी हात पुढे केला, एवढ्यात कॅनांच्या मागून, बदकाच्या आवाजात, अगदी स्पष्ट :

“अवो... ऐकलं का? मीठ ज्यास्त झालं.”

ही ओळ संहितेत नाही. तरी मी थांबलो. मापाविषयी शंका उपस्थित झाली असता पुढे जाणे मला शक्य नव्हते. पुन्हा तोलले.

“आता कमी झालं.”

पुन्हा तोलले. लोक बाकांवर थापा मारू लागले होते. आबारावांचा फेटा सुटला होता.

“अवो, पारडंच वाकडं हाय. सरळ करा की.”

पारडे खरोखरच किंचित वाकडे होते. मी ते सरळ करण्यासाठी वाकलो. तेवढ्यात छताच्या आढ्यावरून सोडलेली दोरी बब्रुवानने ओढली आणि बदक हंड्यातून वर निघाले. मला ते दिसले नाही. “सर, मागं बघा! सर, वर बघा!” असा आबालवृद्धांचा ओरडा झाला. मी म्हणालो, “एक मिनिट.”

आणि ओट्याखाली तेरखेड्याचा बाँब उडाला.

माझी टोपी निंबावर गेली. तराजू गुरुलिंगच्या पायाशी पडला. बदक आढ्यावर डोलत होते आणि कॅनांच्या मागे कोणी तरी हसत होते. खूप दिवसांनी, किंबहुना खूप वर्षांनी ऐकलेले हसू. मला काही तरी बोलावयाचे होते. परंतु माझ्या तोंडून जो ध्वनी निघाला, तो कोणत्याही भाषेतील नव्हता.

सगळे धुरपदाबाईंकडे वळले. त्यांनी पदर सावरला.

“सर म्हनत्यात,” त्यांनी अर्थ सांगितला, “‘जा माय. तू आपली बिनमिठाचीच बरी हायेस.’ पोथी पुरी झाली. उठा.”

सदर अर्थ कोणत्याही प्रमाणाने सिद्ध होत नाही. परंतु तो चुकीचा आहे, असेही मला म्हणता येत नाही.

सोमवार, ५ मे

एकशे चौसष्ट लिटर. कोणी बोलावले नव्हते, काही दाखवावयाचे नव्हते, तरीही. गुरुलिंगने संघाच्या वहीत माझ्यासमोर आकडा लिहिला आणि पुढे ‘टँकर चालू ठेवावा’ असे स्वतःच्या मनाने लिहिले. हा त्याचा अधिकार नाही. मी त्यास अडविले नाही.

मुक्ताबाईंच्या म्हशीने लाथ मारली नाही, असे कळते. यातील कार्यकारणभावाविषयी मी तूर्त मत दिलेले नाही.

बब्रुवानला लेखी मनाईचा भंग केल्याबद्दल जाब विचारला. तो म्हणाला, “मनाई बाँबला व्हती सर. ह्यो सुतळीचा गोळा व्हता.” चौकशी सुरू आहे.

बुधवार, ७ मे

संस्थेच्या भिंतीवर कोणी तरी गेरूने आचारी व बदक यांचे चित्र काढले आहे. रेषा बऱ्या आहेत, मात्र एक ढोबळ चूक आहे : आचाऱ्याला चष्मा दाखविला आहे, डाव्या काडीला दोरा बांधलेला. मूळ आचाऱ्याला चष्मा नाही. मी बब्रुवानला ते दुरुस्त करण्यास सांगितले. दुपारी पाहिले तर दोरा अधिक ठळक केला होता. मी थोडा वेळ तेथे उभा राहिलो. चित्र डावीकडे किंचित कललेले आहे. मग त्याला तसेच सोडून घरी आलो. का, ते सांगता येणार नाही.

आबाराव संध्याकाळी आले होते. तेरावा अध्याय कधी, असे विचारत होते. पोथी पूर्ण झाली आहे, असे मी सांगितले. ते म्हणाले, “बदकाची झाली. आचाऱ्याचं काय? त्यो आता कुठं जानार, टोपी न्हाय, काय न्हाय?” या प्रश्नात तथ्य आहे.

आजच्या आमटीत मीठ नव्हते. अजिबात नव्हते. मी काही बोललो नाही. सौ. माझ्याकडे पाहत राहिली, मग उठून मिठाची वाटी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, “घ्या हाताने, किती घ्यायचंय ते.” मी न तोलता घेतले.

रविवारसाठी नवीन टोपीचा कागद आणला आहे. तेराव्या अध्यायाच्या संहितेचे सात प्रवेश लिहून झाले. आठव्यातील बदकाच्या ओळीची जागा कोरी सोडली आहे, कारण तेथे काय म्हणणार, ते सौ. अगोदर सांगावयास तयार नाही.